नेतृत्वाची कल्पना आणि प्रवरेचे पाणी : व्यवस्थापनशास्त्रीय संशोधनातील एका गृहीताची चिकित्सा

१

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवर भंडारदरा येथे दगडी बांधकामाचे एक मोठे धरण आहे. त्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले व धरणाला त्यांचेच नाव मिळाले. विल्सन यांनी गव्हर्नरपदाची सूत्रे १९२३ मध्ये हाती घेतली होती. धरणाची जागा निवडली गेली, खर्चास मंजुरी मिळाली, पाया खणला गेला आणि भिंतीचा मोठा भाग उभा राहिला, त्या कोणत्याही वेळी ते या इलाख्याच्या कारभारात नव्हते. काम संपताना जो अधिकारपदावर होता त्याचे नाव कामाला चिकटले.

राज्यकर्त्यांच्या रीतीत हे चालायचेच, असे म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल. परंतु गेल्या काही दशकांत व्यवस्थापनशास्त्राच्या विभागांतून नेतृत्व, नवप्रवर्तन आणि संघटन या विषयांवर जे संशोधन होत आहे, त्यातील बराच भाग याच रीतीने चालतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एखादी संस्था यशस्वी झालेली दिसते. तिच्या शिरोभागी एक व्यक्ती दिसते. मग त्या व्यक्तीच्या गुणांची यादी करून ती यादी यशाचे कारण म्हणून मांडली जाते. भंडारदऱ्याच्या भिंतीवर गव्हर्नराचे नाव कोरणे आणि प्रबंधात ‘दूरदृष्टी’, ‘धाडस’, ‘प्रेरणाशक्ती’ अशी प्रकरणे लिहिणे यांत तर्कदृष्ट्या फारसे अंतर नाही. प्रस्तुत लेखात या गृहीताची परीक्षा भंडारदऱ्याच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या एका सुप्रसिद्ध संस्थेच्या आधारे करण्याचा विचार आहे. ही संस्था म्हणजे लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना.

२

प्रथम ज्ञानशाखेतील स्थिती थोडक्यात पाहू. आधुनिक चर्चेचा आरंभ सामान्यतः शुंपेटर यांच्यापासून केला जातो. १९११ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नवे उत्पादन, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा उगम आणि उद्योगाची नवी संघटना अशा नव्या संयोगांना विकासाचे कारण मानले आणि हे संयोग घडवून आणणाऱ्यास उद्योजक म्हटले. हा माणूस पुढे केवळ चालू धंदा सांभाळू लागला की तो उद्योजक उरत नाही, असेही त्यांनी सांगितले. १९७८ मध्ये बर्न्स यांनी राजकीय इतिहासाच्या अभ्यासातून नेता व अनुयायी यांच्या परस्पर उन्नतीची कल्पना मांडली. १९८५ मध्ये बॅस यांनी ती संघटनांना लावली आणि पुढे तिच्या प्रश्नावल्या तयार झाल्या. आज आपल्याकडील अनेक प्रबंध या प्रश्नावल्यांचे मराठी किंवा इंग्रजी रूप घेऊनच क्षेत्रात उतरतात.

बॅस यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी माइंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या नेमक्या उलट बाजूने एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. संस्थेची कामगिरी फार चांगली किंवा फार वाईट झाली म्हणजे लोक तिचे श्रेय वा दोष नेतृत्वाकडे अधिक प्रमाणात देतात, असे त्यांनी दाखवले. म्हणजे नेतृत्व हे पुष्कळदा कारण म्हणून आढळत नाही. परिणाम पाहिल्यानंतर ते कारण म्हणून बसवले जाते. हा आक्षेप मान्य केला तर प्रश्नावलीने गोळा केलेल्या मतांचा अर्थच बदलतो. कारखान्याचा भाव चांगला निघालेल्या वर्षी सभासदाला ‘आपले अध्यक्ष दूरदर्शी आहेत काय?’ असे विचारले, तर त्याच्या उत्तरातून अध्यक्षाची दूरदृष्टी कळत नाही, उसाचा भाव कळतो. हा आक्षेप आपल्या पाठ्यपुस्तकांतून एखाद्या परिच्छेदापुरता येतो आणि संशोधनपद्धतीत त्याचा मागमूस राहत नाही.

३

आता प्रवरेकडे वळू. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर नेमलेल्या पाटबंधारे आयोगाने (१९०१-०३) दख्खनसारख्या प्रदेशात संरक्षक कामे हाती घ्यावीत असे सुचवले. प्रवरेचे कालवे त्या धोरणाचे फळ होत. भंडारदऱ्यात साठवलेले सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी नदीतून खाली सोडायचे, संगमनेर तालुक्यातील ओझर येथील बंधाऱ्यावर ते अडवायचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी अवर्षणग्रस्त पट्ट्यात न्यायचे, अशी ही योजना होती. सरकारचा मूळ हेतू दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवण्याचा होता. परंतु पाऊस बरा झालेल्या वर्षी ज्वारीला पाणी कोण घेणार? पाणीपट्टीवर कालव्याचा खर्च भागेना. बाराही महिने पाणी मागणारे आणि रोख पैसा देणारे पीक ऊस होते. म्हणून संरक्षक कालवे हळूहळू उसाचे कालवे झाले. हा बदल कोणा एका नेत्याने योजला नव्हता. पाण्याचा दर, पिकाची गरज आणि सरकारी तिजोरीची ओढ यांच्या मेळातून तो घडला.

याच संदर्भात एक खरेखुरे नवप्रवर्तन नोंदवले पाहिजे. दख्खनच्या कालव्यांवरील पाणी मूठभर बागाईतदारांकडे जाऊ नये आणि एकाच जमिनीत सतत ऊस राहून ती चिबड होऊ नये, यासाठी विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. ठरावीक क्षेत्राचे गट पाडायचे, त्यांतील सुमारे एक तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घ्यायची आणि पिकांची फेरपालट करायची, असे तिचे स्वरूप होते. पाण्याच्या वाटपाचा असा नियम हे यंत्राइतकेच किंबहुना त्याहून कठीण नवप्रवर्तन आहे. नाशिक-धुळे भागातील फड पद्धतीत तर हे तत्त्व त्याही आधी शेतकऱ्यांनीच अमलात आणले होते. तेथे लाभधारकच पाटकरी व जागल्या नेमतात, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते एकत्र ठरवतात आणि पाणी कमी असेल तर भिजवण्याचे क्षेत्र सर्वांसाठी कमी करतात. या पद्धतीचा जनक कोण, हे कोणी सांगू शकत नाही. संस्थापकाचे नाव नाही, म्हणून ती नेतृत्वाच्या पाठ्यपुस्तकातही नाही.

४

लोणीच्या कारखान्याची नोंदणी १९४८ च्या अखेरीस झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात रोज पाचशे टन क्षमतेने गाळप सुरू झाले. त्याची कथा सांगण्याची एक रूढ पद्धत आहे. विठ्ठलराव विखे पाटील नावाच्या, फारसे औपचारिक शिक्षण नसलेल्या शेतकऱ्याला एक स्वप्न पडले. त्यांनी गावोगाव हिंडून भाग गोळा केले. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या कथेतील कष्ट खरे आहेत. बाजारात गुळाचे भाव कोसळलेले, खाजगी कारखान्यांचा जोर, नवशिक्या सभासदांचा अविश्वास, अशा परिस्थितीत एकेका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून त्याच्याकडून भागाची रक्कम घेणे हे लहानसहान काम नव्हे. ज्यांनी ते केले त्यांचे मोल कमी करण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही.

परंतु संशोधकाने कथेपुढे जाऊन काही गोष्टी तपासायला हव्या होत्या. पहिली गोष्ट ‘पहिला’ या शब्दाची. आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३० च्या दशकातच शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना निघाला होता, आणि महाराष्ट्रातच माळीनगर येथे सासवडच्या माळी बागाईतदारांनी त्याच दशकात भागभांडवली कंपनी काढून स्वतःचा कारखाना चालवून दाखवला होता. प्रवरेचे महत्त्व पहिलेपणात नाही. ते अनुकरणीयतेत आहे : या नमुन्यावरून पुढे राज्यभर कारखाने उभारता आले.

दुसरी गोष्ट सहकाऱ्यांची. १९४५ मध्ये बेलापूर येथे दख्खन कालव्यांवरील बागाईतदारांची जी परिषद भरली तिचे अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते. पुढे कारखान्याचे पहिले अध्यक्षपद सुमारे दहा वर्षे त्यांनीच सांभाळले व विठ्ठलराव उपाध्यक्ष राहिले. मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात त्या वेळी वैकुंठभाई मेहता होते. १९४८ मध्येच औद्योगिक वित्त महामंडळ स्थापन झाले होते आणि त्याच्या कर्जाखेरीज यंत्रसामग्री येणे शक्य नव्हते. तेव्हा येथे नेतृत्व होते, पण ते एका पुरुषाच्या ठायी एकवटलेले नव्हते. गावचा विश्वास एकाजवळ होता, हिशेबाची व अर्थशास्त्राची शिस्त दुसऱ्याजवळ, शासनाचे दार तिसऱ्याजवळ; आणि या सर्वांच्या खाली पंचवीस वर्षांपूर्वी बांधून झालेल्या धरणाचे पाणी होते. बाराही महिने भरवशाचे पाणी नसते तर भाग घ्यायला ऊसवाला शेतकरीच नसता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाडगीळ १९४५ साली बेलापूरला आले ते कोणी नुसते नामवंत पाहुणे म्हणून नव्हे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी हाती घेतली होती. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कालवे तोट्यात चालतात, हा सरकारी हिशेब पुरेसा आहे काय, असा प्रश्न तिच्या मुळाशी होता. पाणीपट्टीच्या आकड्याबाहेर शेतमजुरी, व्यापार, वाहतूक आणि सरकारचे अन्य उत्पन्न यांवर कालव्याचा काय परिणाम होतो हे मोजण्याचा तो आपल्याकडील आरंभीचा पद्धतशीर प्रयत्न होता. ज्याने एका प्रदेशाचा हिशेब मांडला तोच पुढे त्या प्रदेशाच्या संस्थेच्या हिशेबाला जबाबदार झाला. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्याने खरे तर येथे थांबून विचार करावा. संशोधन आणि जबाबदारी यांचे असे नाते आज आपल्या विभागांत किती ठिकाणी दिसते?

५

साखर-सहकारावर समाजशास्त्रज्ञांनी केलेले काम या दृष्टीने व्यवस्थापनशास्त्राच्या पुढे आहे, असे नाइलाजाने म्हणावे लागते. बा. स. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा क्षेत्रीय अभ्यास करून १९८० मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात निवडणुका, गटबाजी व सत्तेची ओढाताण यांचे बारीक चित्र आहे. असे राजकारण असूनही कारखाना कार्यक्षम राहू शकतो, हा त्यांचा निष्कर्ष पुस्तकी व्यवस्थापनाला धक्का देणारा होता. डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी १९९२ च्या ग्रंथात आणखी एक पाऊल टाकले. मोठा बागाईतदार लहान ऊसवाल्याला का सांभाळून घेतो? त्यांचे उत्तर सद्‌गुणांवर आधारलेले नाही. साखरेचा कारखाना पूर्ण क्षमतेने चालला नाही तर तो तोट्यात जातो आणि केवळ मोठ्यांच्या उसाने गिरण्यांचे पोट भरत नाही. म्हणून मोठ्याला लहानाची गरज असते आणि त्या गरजेतून आघाडी बनते. यंत्राच्या स्वभावातून उद्भवलेले हे परस्परावलंबन म्हणजे नेतृत्वाच्या यशामागची एक अट होय.

ही अट लक्षात घेतली म्हणजे पुढचे एक कोडे नीट मांडता येते. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून महाराष्ट्रातील अनेक सहकारी कारखाने आजारी पडले आणि कित्येक विकले गेले. कायदा तोच, संघटनेचा नमुना तोच, यंत्रे जवळपास तीच. यशस्वी कारखान्यांचे यश अध्यक्षांच्या गुणांनी झाले म्हणायचे, तर बुडालेल्या कारखान्यांच्या अध्यक्षांत ते गुण नव्हते हे दाखवले पाहिजे. तसे दाखवायचे म्हणजे बुडालेल्या संस्था अभ्यासाला घेतल्या पाहिजेत. आपल्या नेतृत्वविषयक लेखनात त्या क्वचितच येतात, कारण विषय निवडतानाच यशस्वी संस्था निवडली जाते. एका बाजूनेच तोललेल्या तराजूतून वजन कसे कळणार?

बाविस्कर आणि अ‍ॅटवुड यांच्या कामाचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. दोघांचाही प्रकाश मुख्यतः सभासदांवर आहे. ऊस तोडायला दुरून येणारा मजूर, पाण्याच्या शेपटाकडचा कोरडवाहू शेतकरी आणि धरणाच्या वरच्या बाजूचा आदिवासी हे त्यांच्या रंगमंचाच्या कडेला राहतात. गाडगीळांच्या पाहणीचे तर शीर्षकच लाभांचे आहे. तिची कक्षा कालव्याखालच्या प्रदेशाची आहे, बुडिताखालच्या प्रदेशाची नव्हे.

६

येथे आपण पुन्हा भंडारदऱ्याला येतो. संघटनेची सीमा कोठे आखायची, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्र बहुधा विचारतच नाही; कारखान्याचे कुंपण हीच सीमा ते धरून चालते. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला रतनवाडी-घाटघर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर लोणीच्या बाजूला तो पाचशेच्या आसपास असतो. तरीही वरच्या बाजूच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतील बायांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते, आणि खालच्या पट्ट्यात बारमाही ऊस उभा असतो. ज्यांच्या जमिनी जलाशयाखाली गेल्या ते कोणत्याच कारखान्याचे सभासद नाहीत. त्यांना संघटनेच्या बाहेर ठेवून मांडलेला यशाचा कोणताही हिशेब अपुरा आहे.

फिलिप सेल्झनिक यांनी १९४९ साली अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणावर लिहिलेला ग्रंथ या बाबतीत आपल्या फार उपयोगी पडेल. लोकसहभागाच्या घोषणेखाली ते प्राधिकरण स्थानिक बलिष्ठांना आपल्यात सामावून घेत गेले, आणि त्या बदल्यात त्याचे धोरणच त्यांच्या बाजूला झुकले, असे त्यांनी दाखवले. भूमिहीन कुळे आणि कृष्णवर्णीय शेतकरी त्या सहभागातून निसटले. पुढे १९५७ च्या पुस्तकात याच लेखकाने नेतृत्वाची जी व्याख्या सुचवली ती गुणांच्या यादीहून वेगळी आहे. साधन म्हणून असलेल्या संघटनेला मूल्य असलेल्या संस्थेत बदलणे आणि ते मूल्य राखणे, हे नेत्याचे काम होय. ही व्याख्या स्वीकारली तर नेत्याची परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. त्याच्या पश्चात नियम टिकतो की नाही, यावर ती होते.

धरणाच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. १९६९ मध्ये भंडारदऱ्याच्या भिंतीत भेगा व गळती आढळली. पाण्याचा साठा आटोक्यात ठेवून अभियंत्यांनी त्यानंतरच्या काही वर्षांत ताण दिलेल्या पोलादी तारांनी आणि खालच्या अंगाने बांधलेल्या आधारभिंतींनी धरण बळकट केले. लाभक्षेत्रातील सारी गावे, बागा आणि कारखाने या कामावर अवलंबून होते. शुंपेटर यांच्या व्याख्येत मात्र या माणसांना जागा नाही. ती केवळ चालू गोष्ट सांभाळत होती. जी व्याख्या धरण बांधणाऱ्याला ओळखते पण ते फुटू न देणाऱ्याला ओळखत नाही, ती आपल्यासारख्या देशाच्या संशोधनाला पुरी पडणार नाही. आपल्या बहुसंख्य संस्थांची गरज नवे काढण्यापेक्षा काढलेले नीट चालवण्याची आहे.

७

या प्रश्नांना केवळ शास्त्रीय महत्त्व आहे असे नाही. भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे येथे दुसरे धरण बांधण्याचा विचार १९७० मध्ये पुढे आला. त्याच्या डाव्या कालव्याचे उद्घाटन २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. मधल्या अर्धशतकात कोरडवाहू गावांच्या दोन पिढ्या वाट पाहत राहिल्या. याच जिल्ह्यात या काळात सहकाराची, शिक्षणसंस्थांची आणि राजकारणाची मोठमोठी नेतृत्वे वावरली. मग नेतृत्व असूनही पाणी का अडले, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राने घ्यायला हवा की नको?

दुसरे उदाहरण खोऱ्याच्या पातळीवरचे आहे. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अस्तित्वात आले आणि खोऱ्यातील टंचाई सर्वांनी सारखी वाटून घ्यावी, असे तत्त्व त्यात आले. १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने त्या तत्त्वाला व्यवहारी रूप मिळाले : जायकवाडीचा उपयुक्त साठा पावसाळ्याअखेर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणसमूहांनी, म्हणजे भंडारदरा-निळवंडे यांनीही, पाणी खाली सोडायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरले. नगर-नाशिकच्या लाभधारकांना हा अन्याय वाटतो, मराठवाड्याला तो उशिरा मिळालेला न्याय वाटतो. आपल्या सभासदांचे हित जपणारा नेता आणि खोऱ्याचे हित पाहणारा नेता यांच्यात येथे उघड विरोध उभा राहतो. ‘अनुयायांना प्रेरणा देतो काय?’ हा प्रश्नावलीतील प्रश्न या विरोधापुढे निरुत्तर होतो. अनुयायी कोण, हेच तर ठरायचे असते.

८

विवेचनाचा निष्कर्ष असा. नेतृत्व ही कल्पना टाकून द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. माइंडल यांचा आक्षेप टोकाला नेऊन व्यक्तीचे काहीच मोल नाही असे म्हणणे प्रवरेच्या इतिहासाशी विसंगत होईल. पाणी, कर्ज आणि कायदा हे तिन्ही गोदाकाठच्या इतर गावांनाही उपलब्ध होते. तरी पहिला कारखाना लोणीलाच निघाला, आणि त्यात विठ्ठलरावांच्या पायपिटीचा वाटा आहे. आक्षेप आहे तो क्रमाला. परिस्थिती, नियम, परस्परावलंबन आणि संघटनेची सीमा या गोष्टी आधी तपासाव्यात. त्यांनी न उलगडणारे जे उरेल ते व्यक्तीच्या खाती जमा करावे. आज आपण व्यक्तीपासून आरंभ करतो आणि उरलेले सर्व ‘पार्श्वभूमी’ या प्रकरणात कोंबतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे यातून काही कामे उभी राहतात. एक, प्रत्येक यशस्वी संस्थेबरोबर त्याच पट्ट्यातील एक अयशस्वी संस्था अभ्यासाला घ्यावी. दोन, संस्थेचे नियम संस्थापकाच्या निवृत्तीनंतर दहा-वीस वर्षांनी कोणत्या अवस्थेत आहेत हे दप्तरावरून तपासावे. सभेचे इतिवृत्त, पाणीवाटपाची नोंदवही आणि लेखापरीक्षणाचे शेरे हे मुलाखतीइतकेच, पुष्कळदा मुलाखतीहून अधिक, विश्वसनीय साधन आहे. तीन, मुलाखत घ्यायचीच असेल तर ती अध्यक्षांच्या दालनात सुरू करू नये. कालव्याच्या शेपटाला ज्याची पाळी शेवटी येते त्या शेतकऱ्यापासून आणि वर, जलाशयाच्या काठच्या वस्तीपासून सुरू करावी. या दोन टोकांकडून येत येत संशोधक कारखान्याच्या कार्यालयात पोहोचला, तर तेथील खुर्चीवर बसलेल्या माणसाला काय विचारायचे हे त्याला पुरते ठाऊक झालेले असेल.